नको म्हणणारं कुत्रं

पावसाळा आला की फोनवर एक ठरावीक रील फिरायला लागतं. घरातलं कुत्रं दारापर्यंत येतं, पाऊस बघतं आणि माघारी वळतं. किंवा बाथरूमच्या उंबऱ्यावर चारही पाय रोवून बसतं आणि मालक पट्टा धरून ओढत असतो. मागे खिदळण्याचा आवाज, खाली कॅप्शन : 'ड्रामा क्वीन'. आपण हसतो, पुढे सरकवतो. मला ते हसूच जरा तपासायचं आहे.

कुत्र्यांना पाणी आवडत नाही, हे तसं अर्धवटच खरं. जळकोटला मे महिन्याच्या दुपारी गल्लीतलं कुठलंही कुत्रं बघा. हापशाच्या चिखलात नाहीतर रांजणाच्या बुडाशी, ओलीला पोट टेकून निवांत पडलेलं असतं. त्याच्यावर तांब्याभर पाणी टाका, गल्ली सोडून पळेल. पाणी तेच. आधी ते पाण्याकडे गेलं होतं, आता पाणी त्याच्यावर आलं.

आणि पळण्याला कारणं आहेत. केसांत धरलेली हवा त्याला ऊब देते. केस भिजले की ती गेली. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ओले प्राणी अंग कसं झटकतात ते मोजलं. कुत्रं काही सेकंदांत अंगावरचं सुमारे ७० टक्के पाणी उडवतं. शिवाय त्याचं जग वासाचं. आपण 'आता कसा छान वास येतोय' म्हणतो, तेव्हा त्याचा स्वतःचा वास आपण धुऊन टाकलेला असतो. सुटल्याबरोबर ते मातीत लोळतं, ते बहुधा म्हणूनच. एवढं सगळं असून आपण त्याला नखरे म्हणतो. एकदा नखरे म्हटलं की 'नको' ऐकायची जबाबदारी उरत नाही. ॲप परवानगी मागतं तेव्हा निदान 'नाही'चं बटण तरी दाखवतं.

मग आंघोळ घालायचीच नाही का? तसं नाही. गोचीड झाले तर औषधाच्या पाण्याने धुवावंच लागतं, मग ते कितीही कण्हो. लेकरू रडतं म्हणून आपण लस टाळत नाही. पण लेकरू मोठं होतं, त्याला कारण कळतं. कुत्र्याला ते कधीच कळणार नाही. त्याच्यापुरती ती कायम विनाकारण झालेली जबरदस्तीच राहते. म्हणून कारण कोणाचं, हे आपणच प्रामाणिकपणे बघायला हवं.

नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्रं भाकरी घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. मला नेहमी त्या कुत्र्याचं वाटतं. त्याला काय दिसलं असेल? हातात काहीतरी घेऊन मागे लागलेला माणूस. धावणाऱ्याच्या मनातली माया पळणाऱ्याला दिसत नाही. आपण तर तूपही नाही, बादली घेऊन धावतो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या फेरीत ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात माणसांच्याच आंघोळीचे वांधे होते. कुत्र्याच्या आंघोळीचं नावही कोणी काढलं नसेल. दर रविवारची शाम्पूची आंघोळ ही मुख्यतः फ्लॅटची गरज आहे, सोफ्याची आणि पाहुण्यांची. ती गरज खोटी नाही. एका घरात राहायचं तर थोडं त्यानेही सोसावं, हे मला मान्य आहे. पण गरज आपली असेल तर तिची किंमतही आपण द्यावी : पाणी कोमट, सुरुवात पायांपासून, तोंडावर तांब्या नाही, आणि ओल्या फडक्याने पुसून भागत असेल तर आंघोळच नाही.

रीलसाठी मात्र यातलं कुठलंच कारण लागू होत नाही. आणि फोन बाजूला ठेवला की दोन्ही हात मोकळे होतात, कुत्रं निम्म्या वेळात धुऊन होतं.