पुस्तकातले फूल

अम्मीच्या इंतकालानंतर कपाट आवरताना एका जुन्या उर्दू पुस्तकात गुलाबाचे चपटे फूल सापडले. कुणी दिले, कधी दिले, घरात कुणालाच सांगता येईना.

फूल वाळवणे सोपे असते. कल्याणच्या फूलबाजारातून आणलेला गुलाब वर्तमानपत्राच्या घडीत घालून जड पुस्तकांखाली दोन-तीन आठवडे ठेवावा. सुरुवातीला कागद रोज बदलावा. पाणी निघून गेले की बुरशी धरत नाही. आमच्या मुंब्र्याच्या पावसाळी हवेत मात्र हे कठीणच. उन्हात ठेवले तर रंग उडतो.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात 1906 साली सुरू झालेले ब्लॅटर हर्बेरियम आहे. अशा संग्रहांत वाळवलेल्या वनस्पतीसोबत चिठ्ठी असते : नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणारा. चिठ्ठी नसेल, तर अभ्यासकाच्या लेखी तो नमुना फारसा उपयोगाचा नसतो.

मग जपणे म्हणजे नेमके काय जपणे? वस्तू सांभाळली की माणसाचे ऋण फिटले, असे आपण मानतो. अम्मी होती तेव्हा तिला मी तिच्या तरुणपणाविषयी कधी विचारले नाही. आता फुलाला विचारून काय उपयोग? कदाचित ती गोष्ट तिची एकटीचीच असेल. तोही तिचा हक्कच.

फूल मी त्याच पानात परत ठेवले. भिवंडीला खाला आहेत. त्यांच्याकडे रविवारी गेलो आणि या वेळी घाई न करता त्यांचे बोलणे ऐकत बसलो.