‘आढळून आले’ : वैज्ञानिक हस्तलिखितातील कर्ता आणि मुळशी

वैज्ञानिक नियतकालिकाकडे धाडावयाचे हस्तलिखित सिद्ध करणे ही वरकरणी कारागिरीची बाब आहे. शीर्षक, लेखकांचा क्रम, सारांश, साहित्य व पद्धती, निरीक्षणे, चर्चा, ऋणनिर्देश, शब्दमर्यादा या क्रमाने लेखकांसाठीच्या सूचना जातात आणि संशोधक त्या साच्यात आपला मजकूर बसवीत जातो. या प्रक्रियेत नैतिक प्रश्न उद्भवलाच तर तो लबाडीचा, असे सहसा गृहीत धरले जाते. आकडे बनावट आहेत काय, उतारे उचललेले आहेत काय, ज्याने काम केले नाही त्याचे नाव घुसडले आहे काय? हे प्रश्न गंभीर आहेतच. परंतु तत्त्वतः ते अवघड नाहीत, कारण लबाडी ही लबाडी आहे हे लबाडालाही ठाऊक असते. अवघड प्रश्न प्रामाणिक हस्तलिखिताचा आहे. ज्यात एकही आकडा खोटा नाही आणि एकही वाक्य चोरलेले नाही, अशा हस्तलिखिताकडून कोणावर अन्याय होऊ शकतो काय? आणि होत असल्यास तो संहितेत नेमका कोठे घडतो? हा प्रश्न साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येतो, कारण तो घडण्याची जागा पुष्कळदा व्याकरणाची असते.

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे उदाहरण या संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. सह्याद्रीचा हा पट्टा वनस्पती, मासे, बेडूक, देवराया यांच्या अभ्यासकांना अतिशय जवळचा, आणि पुण्याच्या विद्यापीठीय वर्तुळापासून एका दिवसात जाऊन येण्याजोगा. येथे क्षेत्रकार्य मराठीत होते. गुराखी, कातकरी, देवळाचा गुरव, तळ्यावर जाळे टाकणारा माणूस यांच्याशी बोलणे मराठीत होते; टिपणवहीही बहुधा मराठीतच असते. हस्तलिखित मात्र इंग्रजीत सिद्ध होते. टिपणवहीपासून हस्तलिखितापर्यंतच्या या प्रवासात काय गळते, हे पाहण्यासाठी प्रथम क्रियापदांकडे पाहावे लागते.

मराठीच्या जुन्या कर्मणी प्रयोगात कर्ता लोपत नाही. ‘रामाने रावण मारला’ या वाक्यात क्रियापद रावणाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, पण राम तृतीयेत का होईना, वाक्यात ठामपणे उभा असतो. इंग्रजी वळणाच्या नवीन कर्मणीत तो ‘रामाकडून’ असा मागे सरकतो. आणि ‘करण्यात आले’, ‘नोंदविण्यात आले’, ‘आढळून आले’ या कचेरीच्या मराठीत मुरलेल्या रचनांत तो वाक्याबाहेर जातो, आणि वाक्याला त्याची उणीवही भासत नाही. गावकऱ्याचे मूळ विधान असते : ‘हे झाड आमच्या म्हातारीने दाखवले.’ संशोधकाच्या वहीत ते होते : ‘सखाराम यांच्या सांगण्यावरून झाड पाहिले.’ हस्तलिखितात ते होते : ‘सदर वृक्ष देवराईच्या उत्तर सीमेवर आढळून आला.’ तिन्ही वाक्ये खरी आहेत. तिसऱ्यात मात्र म्हातारीही नाही आणि सखारामही नाही; झाड जणू स्वतःहून आढळले.

याहून सूक्ष्म भेद ‘मानणे’ आणि ‘आढळणे’ या दोन क्रियापदांतील आहे. देवराई तोडली तर खालचा झरा वैशाखाआधीच आटेल, असे गावकरी सांगतो तेव्हा हस्तलिखित लिहिते की स्थानिक लोक असे ‘मानतात’. तीच गोष्ट दोन उन्हाळे पाणी मोजून संशोधक सांगतो तेव्हा ती ‘आढळते’. मोजण्याने विधानाला जी बळकटी येते ती खरीच आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु गावकऱ्याचे विधानही अनेक उन्हाळ्यांच्या पाहण्यातून आलेले असू शकते, आणि तसे ते आले आहे की नाही याची चौकशी ‘मानतात’ हे क्रियापद आधीच बंद करून टाकते. एका बाजूला ज्ञान आणि दुसऱ्या बाजूला समजूत अशी वाटणी पुराव्याने व्हावयास हवी; येथे ती धातूच्या निवडीने होऊन जाते.

यावरील आक्षेप सुप्रतिष्ठित आहे. विज्ञानाची भाषा कर्ताहीन असते ती कोणाला लपविण्यासाठी नव्हे. पाहणारा कोण आहे यावर निरीक्षणाची किंमत ठरू नये, यासाठी. कर्नलने पाहिले काय आणि कातकऱ्याने पाहिले काय, पाहिलेले पुन्हा कोणालाही पाहता आले पाहिजे. मिशेल फुको यांनी १९६९ च्या आपल्या व्याख्यानात लेखक या संकल्पनेचा जो इतिहास मांडला, त्यातही सतराव्या-अठराव्या शतकांत झालेली एक अदलाबदल नोंदविलेली आहे. पूर्वी शास्त्रीय वचनाला कर्त्याच्या नावाने प्रामाण्य मिळे आणि कथा-काव्ये निनावी चालत. पुढे शास्त्रीय विधान नावाच्या आधारावाचून उभे राहू लागले आणि साहित्यकृतीला लेखक अनिवार्य झाला. या दृष्टीने निनावीपणा ही विज्ञानाची लोकशाही आहे. हा युक्तिवाद वजनदार आहे, आणि तो पूर्ण लागू पडला असता तर येथेच थांबता आले असते. पण तो हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर लागू पडत नाही. तेथे लेखकांची नावे आहेत, त्यांचा क्रम आहे, संस्था आहेत, पत्रव्यवहाराचा पत्ता आहे; या क्रमावरून विभागांत कटुता येते, पदोन्नतीही अडते. म्हणजे हस्तलिखित निनावी नसते. ते निवडक निनावी असते, आणि नैतिक प्रश्न या निवडीचा आहे.

ही निवड किती जुनी आहे हे मुळशीत उगम पावणाऱ्या मुळा नदीच्याच पाण्यात पाहावयास मिळते. लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा १८२४ पासून मुंबई सरकारचा सांख्यिकी प्रतिवेदक होता. दख्खनच्या पाहणीत त्याने माशांचे नमुने जमविले, आणि त्यांचे वर्णन लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केले. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेला दख्खनी महसीर आज ‘टॉर खुद्री’ या नावाने जगभर ओळखला जातो. साइक्सने ठेवलेले ‘खुद्री’ हे नाव लॅटिन नाही, ग्रीकही नाही. त्याच्या यादीतील ‘कोलूस’, ‘मुल्या’, ‘संडखोल’, ‘नुक्ता’ ही नावेही नाहीत. ती नदीकाठच्या बोलीतून आलेली आहेत. ‘नुक्ता’मागून मराठी ‘नकटा’ डोकावतो असे त्या माशाचे विलक्षण नाक पाहिल्यावर वाटल्यावाचून राहत नाही. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी हे शब्द, साइक्सच्या कानाला जसे ऐकू आले तसे, त्यांच्या इंग्रजी लेखनासह गोठवून ठेवले आहेत.

या नावांची रचना पाहण्यासारखी आहे. पूर्ण लेखनात माशाच्या नावापुढे ‘(साइक्स, १८३९)’ असे येते. मासा मूळ ज्या प्रजातीत घातला होता तीतून पुढे दुसरीकडे हलविला गेला, एवढाच त्या कंसाचा अर्थ. म्हणजे वर्गीकरणातील फेरबदलासाठीसुद्धा संहितेत एक चिन्ह राखून ठेवलेले आहे. ज्याने ‘याला खुद्री म्हणतात’ असे सांगितले त्याच्यासाठी मात्र कोणतेही चिन्ह नाही. शब्द घेतला गेला, तो अमर केला गेला, आणि बोलणारा माणूस त्या शब्दातच विरघळला. साइक्सला दोष देण्यात अर्थ नाही. उलट त्याने या माशांवर सर्वत्र आपल्या वरिष्ठांची नावे डकविली असती तर आज हा धागाही हाती उरला नसता.

पुढील प्रश्न ‘अभ्यासक्षेत्र’ या उपशीर्षकाचा. मुळशी जलाशयावरील हस्तलिखितात या उपशीर्षकाखाली अक्षांश-रेखांश येतात, समुद्रसपाटीपासूनची उंची येते, पर्जन्यमान येते, आणि ‘विद्युत्निर्मितीसाठी बांधण्यात आलेला जलाशय’ असे एक वाक्य येते. या वाक्यातील ‘बांधण्यात आलेला’ याच्या आत काय आहे? टाटा कंपनीच्या या धरणासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने मावळातील भातखाचरे घेतली गेली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावे त्याच्याशी कायमची जोडली गेली. १९२४ पर्यंत लढा विझला, आणि १९२७ मध्ये मुळशीचे पाणी घाटाखाली भिरा येथे वीज निर्माण करू लागले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा चिकित्सक इतिहास आधी मराठीत आणि २००९ मध्ये इंग्रजीत लिहिला.

माशांच्या आतड्यातील परजीवींवरील निबंधात हे सारे यावे काय? सरसकट यावे असे म्हणणे म्हणजे शास्त्राला पोवाडा करण्यासारखे आहे. परंतु एक निकष सुचविता येईल : जे घडले ते अभ्यासविषयाचे कारण असेल, तर ते पार्श्वभूमी नसून सामग्री आहे. पूर्वेकडे भीमेला मिळणाऱ्या नदीचे पाणी पश्चिमेकडे कोकणात उतरविले गेले. वाहत्या पाण्याचे साठलेले पाणी झाले. शेते आणि गावठाणे तळ बनली. जलाशयातील जीवसृष्टीचे वर्णन या घटनेचेच वर्णन असते. अशा ठिकाणी ‘बांधण्यात आलेला’ हा संक्षेप शास्त्रीय दृष्ट्याही अपुरा ठरतो. शिवाय भूसंपादनाची सूचना आणि शोधनिबंध या दोहोंना एकच क्रियारूप मानवते, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

पीटर मेडावर यांनी १९६३ च्या आपल्या नभोवाणी भाषणात वैज्ञानिक निबंध ही फसवणूक आहे काय, असा प्रश्न केला होता. निबंधातील तथ्ये खोटी असतात असे त्यांना म्हणावयाचे नव्हते. विचार ज्या वाटेने गेला ती वाट निबंधाचा घाट खोटी दाखवितो, अशी त्यांची तक्रार होती. चर्चा अखेरीस न ठेवता आरंभी यावी, असे त्यांनी सुचविले. मेडावरांची वाट शास्त्रज्ञाच्या मनातली आहे. मुळशीतली वाट पायांची आहे, आणि तीवर संशोधकाच्या पुढे कोणीतरी चालत असतो. ही दुसरी वाट त्यांच्या टीकेतूनही निसटते.

वेगळ्या लेखनाची उदाहरणे नाहीत असे नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात देवरायांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच देवराया पुढेही राखल्या जाव्यात अशी कळकळीची विनंती आहे. विनंती हा शास्त्रीय निबंधाचा प्रकार नव्हे. विनंतीला करणारा लागतो आणि ऐकणारा लागतो. त्या एका शब्दाने निबंधात माणसे शिरतात. अलीकडे, २०२१ मध्ये, कॅनडातील लॉरिशिया मॅक्लाऊड यांनी आदिवासी वडीलधाऱ्यांचे मौखिक कथन छापील ग्रंथाच्या तोडीने उद्धृत करण्याचे नमुने सुचविले. तोवर अशी कथने ‘वैयक्तिक संवाद’ या खणात पडत. आपल्याकडे तो खणही बहुधा सहव्यवसायी प्राध्यापकांसाठी राखलेला असतो; गुराखी ‘स्थानिक माहितगार’ या अनेकवचनात जातो.

तथापि नाव छापणे हे प्रत्येक वेळी न्यायाचे असेलच असे नाही. दुर्मीळ वनस्पतीची जागा कोणी दाखविली हे छापले, तर पुढचा वेचणारा त्याच दारात येऊन उभा राहतो. देवराईचे अचूक स्थान छापणे हे देवराईवर उपकार असतात असेही नाही. जमिनींच्या किमती चढलेल्या तालुक्यात एखाद्याला आपण काय सांगितले हे भाऊबंदांना कळू नये असे वाटणे स्वाभाविक आहे. येथे गाळणे हेच कर्तव्य ठरते. मात्र हे गाळणे आणि ‘आढळून आले’ मधील गाळणे यांत अंतर आहे. पहिले सांगणाऱ्याला विचारून होते. दुसऱ्यात विचारण्याचा प्रसंगच येत नाही, कारण व्याकरणाने तो आधीच मिटविलेला असतो. हस्तलिखित धाडण्यापूर्वी सर्व लेखकांची संमती घ्यावी लागते; ज्याच्या सांगण्यावर निम्मी निरीक्षणे उभी आहेत त्याला मजकूर मराठीत वाचून दाखविण्याची अट मात्र सहसा कोणी घालीत नाही.

मग त्याला सहलेखक करावे काय? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा जो गट १९७८ मध्ये व्हँकुव्हर येथे जमला, त्याच्या परंपरेतील निकष आज इतर शास्त्रांतही प्रमाण मानले जातात. आशयात भरीव वाटा, लेखनात वा त्याच्या चिकित्सेत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि २०१३ पासून चौथा : सर्व मजकुराविषयीचे उत्तरदायित्व. पहिला निकष मुळशीतला गुराखी अनेकदा पार करतो. दुसऱ्याशी तो अडतो, कारण लेखन त्याच्या भाषेत नाही. चौथ्याविषयी विचारले तर, संख्याशास्त्रीय चाचणीची जबाबदारी मी का घेऊ, असे तो म्हणेल, आणि ते योग्यच आहे. पण मग झऱ्याविषयी त्याने जे सांगितले त्याची जबाबदारी पहिल्या लेखकाने कशाच्या बळावर घेतली, हेही त्याने विचारावे. पहिला लेखक त्या झऱ्यावर दोन उन्हाळे गेला होता.