चवळीच्या डब्यातला संसार

चवळीचा डबा महिनोन्‌महिने बंद राहिला की दाण्यांवर पांढरे ठिपके दिसू लागतात आणि काही दाण्यांना वाटोळी भोकं पडलेली असतात. ठिपके म्हणजे मादीने चिकटवलेली अंडी. भोकं पाडून भुंगेरे बाहेर पडलेले. आपण चवळी उन्हात घालतो, चाळतो आणि विसरतो.

तांदळाएवढाही नसलेल्या या किड्यातल्या नराच्या जननेंद्रियाच्या टोकाशी काट्यांचे झुबके असतात. मिलनात ते मादीच्या जननमार्गाला आतून भोसकतात. जखमा भरतात, वण राहतात. काही वेळाने मादी मागच्या पायांनी नराला लाथा मारू लागते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माद्यांना लाथा मारता येऊ नयेत अशी सोय केली, तेव्हा मिलन लांबलं आणि जखमाही वाढल्या.

नराला मादीचं वाईट करायचं असतं का? तसं म्हणणं म्हणजे भुंगेऱ्याला फारच मोठं मन बहाल करणं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात दिसलं ते एवढंच, की ज्याचे काटे लांब, त्याच्या वाट्याला संतती जास्त. लेझरने काटे खुडले की वाटा घटतो. मादीचं आयुष्य पुढे किती उरतं, हे त्याच्या हिशेबात नाही. तिची पुढची अंडी बहुधा दुसऱ्याच नराची असतात. नर-मादीचं हित एकच असतं हे गृहीतक जीवशास्त्रज्ञ जेफ पार्कर यांनी 1979 साली मोडीत काढलं, ते याच हिशेबाच्या जोरावर.

तरीही मादीला ‘बिचारी’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कोरड्या कडधान्यात पाण्याचा थेंब नसतो, आणि प्रौढ भुंगेरे तिथे काही खात-पीत नाहीत. नराकडून येणाऱ्या वीर्यात मात्र ओलावा असतो. पाणी मिळालेल्या माद्या पुन्हा मिलनाला कमी वेळा तयार होतात. म्हणजे जखमा सोसून ती परत येते, त्यात तहानेचाही भाग असतो.

ब्रेट हॉलंड आणि विल्यम राइस यांनी 1999 साली नर-मादीचं हित एकच केलं तर काय होतं, हे पाहणारा फळमाश्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. या माशीच्या नराच्या वीर्यातली काही प्रथिनं मादीचं आयुष्य घटवतात. त्यांनी एका कुळात प्रत्येक मादीला एकच नर दिला, दुसऱ्या कुळात तीन. 47 पिढ्यांनंतर एकनिष्ठ कुळातले नर कमी उपद्रवी झाले आणि त्या कुळाचं एकूण प्रजननही वाढलं. एकपत्नीव्रताचे गोडवे गाणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये. जोड्या शास्त्रज्ञांनी लावल्या होत्या, माश्यांना कुणी विचारलं नव्हतं. एकाच मादीवर सगळी भिस्त असलेल्या नराला तिला इजा करणं परवडत नाही, इतकंच. शिवाय त्या शांत कुळातल्या माद्यांची प्रतिकारशक्तीही ओसरली होती. जुन्या वळणाच्या नरांशी गाठ पडली, तेव्हा त्यांची हानी इतर माद्यांपेक्षा जास्त झाली.