रिकामे टरफल

मननासाठी शास्त्रभाग : योहान १२:२०-२६



वाघोडियाच्या शेतात पहिल्या पावसावर टोकलेली तूर आठवड्याभरात वर डोकावते. नाही डोकावली, तर शेतकरी नांग्या भरायला घेतो. लेकराबाळांच्या विश्वासाबाबतही आपण हाच हिशेब धरतो. ‘इतकी वर्षे शब्बाथ शाळेत पाठवले, काय उगवले?’ असे किती आईबाप म्हणतात!

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात बुन्या नावाचा सूचिपर्णी वृक्ष आहे. सयाजीरावांनी १८७९ साली वडोदऱ्यास बाग वसवली, त्याआधी १८५५ साली ब्रिस्बेन शहरात वनस्पती उद्यान सुरू झाले. तेथे नदीकाठी हे वृक्ष रांगेने उभे आहेत. सदा हिरवे, दीडशे फुटांपर्यंत वाढणारे. शंकूसारखे फळ दहा किलोपर्यंत भरते. (मोसमात झाडाखाली न थांबलेलेच बरे!) आतल्या बिया भाजून खातात, आपल्या फणसाच्या आठळीसारख्या पिठूळ.

पण हे बी पेरले, तर वर काहीच दिसत नाही. ते एक नळी खाली जमिनीत सोडते आणि तिच्यातून आपला सारा साठा उतरवून देते. खाली गाजरासारखा कंद तयार होतो. वर उरते रिकामे टरफल, तेही गळते. माळी म्हणेल, बी वाया गेले. काही महिन्यांनी त्या कंदातून कोंब वर येतो.

यरुशलेमेत सण होता. काही हेल्लेणी प्रभूला भेटू इच्छीत होते. लोकांचे डोळे गौरवाकडे लागलेले, आणि प्रभू बोलला जमिनीत पडणाऱ्या दाण्याविषयी! तो स्वतःविषयीच बोलत होता. काही न राखता त्याने सर्व दिले, आणि कबरेवर धोंड बसली तेव्हा शिष्यांनाही रिकामे टरफलच दिसले.

बुन्याला साधारण तीन वर्षांनी भरघोस पीक येई, तेव्हा तेथील आदिवासी दूरदूरच्या जमातींना निरोप धाडीत. जुनी वैरे बाजूला ठेवून शेकडो माणसे एकत्र जेवत. १८४२ साली गव्हर्नर गिप्स यांनी त्या मुलखात वसाहतीस व वृक्षतोडीस मनाई केली. १८६० साली ती उठली, आणि कुऱ्हाडी आल्या. एवढी पंगत ज्या झाडांखाली बसे, त्यांतले प्रत्येक झाड एके काळी वरून मेलेले दिसले होते.

ज्या माउलीने मुलासाठी सर्व वेचले आणि जिचा मुलगा आज मंदिराची पायरी चढत नाही, तिला उद्देशून हे लिहिले आहे. बाई, रोज उकरून पाहू नका. उकरण्याने कंद दुखावतो. पाणी मात्र घालीत राहा. आणि येत्या रविवारी त्याचे नाव प्रार्थनेत आमच्याजवळही द्या.