शेष कोण आणि शेषी कोण?

उंची मद्य आणि त्याच्यासोबत वाढावयाचे अन्न ह्यांच्या जुळणीचा विचार ह्या पानांवर यावा, हे कित्येक वाचकांना अप्रस्तुत वाटेल. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मद्याला उंबरठा ओलांडता येत नाही, आणि मनुस्मृतीने तर सुरापानाची गणना महापातकांत केली आहे. म्हणून आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. न्यायालयात दिवाणी दाव्याचा पुरावा सुरू होण्यापूर्वी वादमुद्दे काढण्याची पद्धत आहे. मद्य प्यावे की पिऊ नये, हा एक मुद्दा. ज्याच्या घरी एखादी दुर्मिळ बाटली आहे त्याने ती उघडताना पानात काय वाढावे, हा दुसरा. दुसऱ्याची चर्चा केली म्हणजे पहिल्याचा निकाल कोणाच्या बाजूने लागला, असे होत नाही. मी दुसरा मुद्दा हाती घेतो, कारण तो दिसतो तितका जिभेपुरता नाही. घरात एखादी मौल्यवान वस्तू आली म्हणजे कोणी कोणासाठी झिजावे, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न त्यात दडलेला आहे.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक निश्चित उदाहरण घेऊ. फ्रान्समधील बोर्दो प्रांतात पोयाक नावाचे एक लहान गाव आहे. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने तेथील मेदोक भागातल्या तांबड्या वाइनची पाच श्रेणींत प्रतवारी झाली. त्या वेळी पहिल्या श्रेणीत ह्या एका गावचे लाफित आणि लातूर हे दोन मळे बसले, आणि १९७३ साली मूताँ हा तिसरा मळाही त्या पंक्तीत गेला. अशा मळ्यातील वीस-पंचवीस वर्षे तळघरात निजलेली बाटली कोणाच्या हाती आली, तर त्याने काय करावे?

प्रथम त्या वस्तूचा स्वभाव जाणावा. द्राक्षांच्या साली-बियांतून ह्या वाइनमध्ये टॅनिन नावाचे तुरट द्रव्य उतरते. ते लाळेतील प्रथिनांना बांधून टाकते, म्हणून कोवळ्या वाइनने तोंड सुकल्यासारखे होते. मांसातील प्रथिने, स्निग्धता आणि मीठ ह्यांच्या सान्निध्यात मात्र तो तुरटपणा निवतो. वर्षे लोटली की टॅनिन आपोआप मवाळ होते. त्यातले काही गाळाच्या रूपाने तळाशी बसते. म्हणून जुनी बाटली आदला दिवसभर उभी ठेवतात आणि गाळ न ढवळता हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओततात. फळाचा गंध मागे सरून सुकलेली पाने, तंबाखू, देवदाराचे लाकूड अशा गंधांच्या छटा पुढे येतात. हे सारे नाजूक असते. उघडल्यावर फार वेळ टिकत नाही.

अशा वाइनबरोबर त्या गावचे लोक त्याच भागातले कोवळे कोकरू भाजून वाढतात. मीठ आणि विस्तव ह्यांपलीकडे त्याला फारसे काही लावीत नाहीत. तिखटाने मद्यातील दाह वाढतो. गोड पदार्थापुढे तीच वाइन आंबट आणि कडू भासू लागते. माशाशी तर तिचे वैरच. वाइनमधील लोहामुळे माशाचा उग्र वास तोंडात उसळतो, असे जपानी संशोधकांनी २००९ साली दाखवून दिले. म्हणजे आपले हुमण किंवा शागोती आपापल्या जागी कितीही उत्तम असोत, त्यांच्यापुढे ही बाटली मुकी होईल. ह्यात हुमणाचा दोष नाही, वाइनचाही नाही. चरकसंहितेत विरुद्धाहाराची चर्चा आहे; तेथे दूध आणि मासे ही जोडी निषिद्ध मानली आहे, यद्यपि दोन्ही पदार्थ स्वतंत्रपणे पथ्यकर असू शकतात. गुण वस्तूत असतो, परंतु त्याची शोभा संबंधात असते. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र ह्याने ‘औचित्यविचारचर्चा’ ह्या ग्रंथात काव्याविषयी हेच सांगितले. अलंकार अस्थानी घातला, तर सौंदर्य वाढण्याऐवजी हसे होते.

ह्या औचित्याच्या नियमातून जो व्यवहार निघतो, तो नीतीच्या दृष्टीने लक्षणीय आहे. वाइन जितकी जुनी आणि सूक्ष्म, तितके अन्न साधे असावे. सामान्य यजमानाची प्रवृत्ती नेमकी उलट असते. बाटली मोठी, तर पक्वान्नेही मोठी, मसालेही जास्त, असा त्याचा हिशोब. देवळातील भजनात हार्मोनियमवर बसणारा जाणता माणूस काय करतो, ते आठवावे. गायकाचा आवाज थकलेला पण सुरेल असेल, तर तो भाता हळूच ओढतो आणि आपल्या बोटांची करामत आवरून धरतो. आपल्याजवळ असलेले सामर्थ्य दुसऱ्यासाठी न वापरणे हाही दानाचाच एक प्रकार आहे. साध्या भाजलेल्या मांसाचा साधेपणा हा असा संयम होय. त्याला कोणी दारिद्र्य समजू नये.

येथवर कोणाचा आक्षेप येणार नाही. खरी अडचण पुढे आहे. पूर्वमीमांसेत शेष आणि शेषी असा एक उपयुक्त भेद केलेला आहे. जे दुसऱ्याच्या प्रयोजनासाठी असते ते शेष. ज्याच्यासाठी ते असते तो शेषी. धर्मशास्त्रातील वचनांचा अर्थ लावताना आम्हा वकिलांनाही ह्या भेदाचा उपयोग होतो. कारण प्रधान कोणते आणि अंग कोणते हे चुकले की सगळा अर्थच उलटतो. आता ह्या पंक्तीत शेषी कोण? अन्न बाटलीसाठी निवडले, तेव्हा अन्न शेष आणि बाटली शेषी, असे प्रथमदर्शनी दिसते. पण बाटली तरी कोणासाठी आहे? ती पाहुण्यांसाठी उघडली. तेव्हा अन्न बाटलीचे अंग असले, तरी बाटली स्वतः पाहुण्याचे अंग आहे. ही दुसरी पायरी विसरली की यजमान आपल्या नकळत पाहुण्यांना बाटलीच्या सेवेला बसवतो. कोणी कोणत्या घोटाला काय म्हणावे, कोणी किती वाखाणावे, ह्यावर त्याचे लक्ष लागते. माणसे साक्षीदार होतात आणि काचेची एक वस्तू उत्सवमूर्ती होते.

हे घडले की नाही, ह्याची एक सोपी कसोटी आहे. त्या पंक्तीत न पिणारा, मांस न खाणारा एखादा पाहुणा बसवून पाहावा. त्याच्या पानाचा विचार तितक्याच आस्थेने झाला असेल, तर शेषी माणूसच आहे. त्याच्यापुढे उरलेसुरले आले, किंवा ‘एक घोट तरी घ्या’ असा आग्रह झाला, तर समजावे की सिंहासनावर बाटली बसली आहे. गोव्यात ह्या कसोटीला उतरणारी एक परंपरा आहे. नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून ‘कोन्सुआद’ म्हणून मिठाईची ताटे हिंदूंच्या घरी येतात, आणि चवथीच्या नेवऱ्या, दिवाळीचे पोहे तिकडे जातात. ज्या घरी वाइनला धार्मिक विधीत स्थान आहे, तेथून ज्या घरी ती वर्ज्य आहे तेथे मिठाई येते. येथे देणाऱ्याने आपल्या आवडीचा विचार केला नाही, घेणाऱ्याचा केला.

आता एक गंभीर प्रतिवाद ऐकला पाहिजे. व्यसनाला सुसंस्कृत वेष चढवला, म्हणून ते व्यसन राहत नाही काय? प्रतिवाद बिनतोड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले की, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. लातूरची बाटली आणि गल्लीतल्या गुत्त्यातील बाटली ह्यांतले मद्यार्क यकृताच्या दृष्टीने एकच. चरकसंहितेने विधीने, मात्रेने, योग्य काळी आणि हितकर अन्नासह घेतलेल्या मद्याला अमृताची उपमा दिली आहे खरी. पण तसे न घेणाऱ्याला तेच विष होते, असेही तेथेच म्हटले आहे. तेव्हा रसिकता ही निर्दोषत्वाची सनद नव्हे, हे मी निःशंकपणे मान्य करतो. माझे म्हणणे एवढेच की, ज्याला मात्रा, काळ आणि अन्न ह्यांचे भान आहे, त्याच्या विवेकाचे मोल पेल्यापलीकडेही लागू पडते; आणि तो विवेक शिकण्यासाठी पेला हाती धरण्याची गरज नाही.

कारेन ब्लिक्सन ह्या डॅनिश लेखिकेची ‘बाबेतची मेजवानी’ नावाची एक कथा १९५० साली प्रसिद्ध झाली. १९८७ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. पॅरिसमधून परागंदा झालेली एक स्वयंपाकीण दोन व्रतस्थ बहिणींच्या घरी आश्रयाला राहते. पुढे तिला सोडतीत दहा हजार फ्रँक मिळतात. ते सगळे खर्चून ती त्यांच्या लहानशा धर्मपंथातील म्हाताऱ्या माणसांना एक जेवण घालते. बर्गंडीतील क्लो द वूजो ही नामांकित तांबडी वाइन आणि तिच्याजोगे लाव्याचे मांस पानात येते. पाहुण्यांनी आधीच ठरवलेले असते की, अन्नाविषयी अक्षर काढावयाचे नाही. समोर काय आले आहे हे एका वृद्ध सेनानीलाच कळते. बाकीच्यांना वाइनचे नावही ठाऊक नसते. तथापि त्यांची वर्षानुवर्षांची भांडणे त्या रात्री विरघळतात. हा नशेचाच प्रताप, असे कोणी म्हणेल, आणि त्यात काही तथ्य असेलही. पण एक गोष्ट उरतेच. कोणी नाव घेतले नाही, वाखाणणी केली नाही, म्हणून बाबेतचे काम उणे ठरले नाही. तिने जुळवलेले सगळे त्या माणसांसाठी होते, आणि ते त्यांच्यापर्यंत पोहोचले.

जुन्या वाइनचा आणखी एक धर्म आहे. सोने पेटीत ठेवले तर सोनेच राहते. वाइन मात्र एका मर्यादेपलीकडे जपली तर मरते. जिचे प्रयोजन संपण्यातच आहे, अशी ती वस्तू. योग्य प्रसंगाची वाट पाहणे हे शहाणपण. परंतु कोणताच प्रसंग आणि कोणताच पाहुणा पुरेसा मोठा वाटेनासा झाला, म्हणजे ते शहाणपण कृपणतेत बदलते.

आपल्या घरांत बाटली नसेल. पण आजीचा शालू, चांदीचे ताट, कोणाला न दाखवलेला पोथ्यांचा संग्रह, ह्यांपैकी काहीतरी असतेच. देवळात आपण विष्णूला तुळस, गणपतीला दूर्वा आणि शंकराला बेल वाहतो, आणि ज्याचा जो नैवेद्य तोच त्याच्यापुढे ठेवतो. औचित्याची ही निवड आपल्याला चांगली अवगत आहे. परंतु त्या विधीचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. ज्याला शेषी म्हणण्याचा निर्विवाद अधिकार, त्या देवापुढेही नैवेद्य क्षणभरच थांबतो. मग प्रसाद होऊन पंक्तीत येतो, आणि शेवटच्या पानापर्यंत वाढला जातो.