बुजलेली भेग

लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये पश्चिमेच्या दारानं शिरलं की पायाखाली रुंद उतार लागतो, आणि माणसं उतरता उतरता वर बघू लागतात. थेम्सच्या दक्षिण काठावरचं हे मूळचं वीजकेंद्र. गाइल्स गिल्बर्ट स्कॉटनं बांधलेलं, १९८१ साली बंद पडलेलं. हर्झॉग आणि द म्यूरॉन या स्विस वास्तुविशारदांनी त्याचं समकालीन कलेचं संग्रहालय केलं. मे २०००मध्ये ते खुलं झालं. यंत्रं काढल्यावर उरलेली दीडशे मीटरहून लांब जागा त्यांनी मोकळीच ठेवली, तोच हा टर्बाइन हॉल. इथे तिकीट नाही. पाठीवर दप्तरं घेतलेली शाळेची पोरं उतारावरून धावत होती. एक आजोबा जमिनीवरच पाय पसरून बसले होते, आणि त्यांना कोणी उठवत नव्हतं.

मी मात्र खाली बघत चालले होते. मला भेग शोधायची होती.

ऑक्टोबर २००७मध्ये दोरीस साल्सेदो या कोलंबियाच्या शिल्पकर्तीनं या हॉलची फरशी चिरली. भिंतीवर काही टांगलं नाही की चौथऱ्यावर काही उभारलं नाही. दाराजवळ केसाएवढी सुरू होणारी, पुढे पाऊल अडकेल इतकी रुंदावणारी १६७ मीटर लांबीची वाकडीतिकडी भेग, एवढीच ती कलाकृती. आत वाकून पाहिलं की भेगेच्या काँक्रीटमध्ये कुंपणाची तारेची जाळी रुतवलेली दिसे. हे कसं केलं, ते सांगायला तिनं नकार दिला. कशासाठी केलं, ते मात्र स्पष्ट सांगितलं. आधुनिक युरोपच्या इतिहासाला समांतर वंशभेदाचा इतिहास चालत आला आहे आणि तो सांगितला जात नाही, असं तिचं म्हणणं होतं. एप्रिल २००८मध्ये प्रदर्शन संपलं, भेग सिमेंटनं भरली.

तो भरलेला सांधा सापडला तेव्हा मी चक्क उकिडवी बसले. आजूबाजूच्या फरशीपेक्षा वेगळ्या राखाडी रंगाची ओबडधोबड रेघ. बोट फिरवलं तर कडेला किंचित खरखर लागते. कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. एक बाई बाबागाडी ढकलत तिच्यावरून गेली.

साल्सेदोनं या कामाला नाव दिलं ‘शिब्बोलेथ’. हा हिब्रू शब्द, अर्थ धान्याचं कणीस. बायबलच्या शास्ते या पुस्तकात त्याची गोष्ट आहे. लढाईत हरलेले एफ्राईमी लोक जॉर्डन नदी ओलांडून घरी परतू पाहत होते. गिलादी सैनिकांनी नदीचे उतार अडवले आणि येणाऱ्या प्रत्येकाला ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावलं. एफ्राईमींना ‘श’ म्हणता येत नसे, ते ‘सिब्बोलेथ’ म्हणत. जो ‘स’ म्हणाला त्याला तिथेच कापलं. बेचाळीस हजार माणसं मेली, असं ती गोष्ट सांगते.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला पुण्यातलं एक सभागृह आठवलं होतं.

मी अकोल्याकडची. दहावीनंतर पुण्यात शिकायला आले आणि पहिल्याच वर्षी वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलं. विषय होता पाणीटंचाई. आमच्याकडे टँकर येतो तेव्हा काय होतं, ते माझ्याइतकं त्या सभागृहात कोणाला ठाऊक नसेल. मी ‘पानी’ म्हणाले. पहिल्या रांगेत खसखस पिकली. मी परत ‘पानी’ म्हणाले, कारण विषयच तो होता. नंतर परीक्षक म्हणाले, विषय उत्तम मांडलात, पण आधी ‘पाणी’ म्हणायला शिका. ते वाईट बोलले असं त्यांना वाटलंही नसेल. वसतिगृहाच्या गच्चीवर कित्येक रात्री मी जीभ टाळ्याकडे वळवून ‘ण’ घोकला. आज तो बिनचूक येतो. पण त्याच्याआधी कणभर थांबणं अजून जात नाही. ऐकणाऱ्याला ते कळत नाही, मला दर वेळी कळतं.

मन आणि मण यांत फरक आहे, हे मला मान्य आहे. पण तहानलेल्या माणसानं ‘पानी’ मागितलं तर कोणी चुकून दुसरं काही आणून देत नाही. म्हणजे तिथे अडचण अर्थाची नसतेच. त्या एका अक्षरावरून गाव कळतं, आणि पुष्कळदा जात ताडली जाते. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली छापून आली, तेव्हापासून त्यांतल्या बोलीचं आपण कौतुक करत आलो. ते पाठ्यपुस्तकात बरोबरच आहे. त्याच वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा तशाच उच्चारांनी बोलला तर त्याला अशुद्ध म्हणतात, हे मात्र माझ्या पोटात आजही तुटतं. आपल्याकडे नदीवर तलवार घेऊन कोणी उभं नसतं. मुलाखतीच्या टेबलापलीकडे, स्थळ बघताना, नाटकाच्या तालमीत कोणी तरी फक्त कान देऊन बसलेलं असतं.

युरोपात तर हे सरकारी कामकाजात आहे. आश्रय मागणाऱ्याचं बोलणं ध्वनिमुद्रित करून तो खरंच सांगतो त्याच मुलखातला आहे का, हे तपासण्याची पद्धत ब्रिटनसह काही देशांनी वापरली आहे. ज्या भूमीवरून जीव घेऊन पळालो, ती आपलीच हे उच्चारांतून सिद्ध करायचं. २०१०पासून ब्रिटनमध्ये नवऱ्याकडे किंवा बायकोकडे राहायला येणाऱ्या बहुतेक परदेशी जोडीदारांना व्हिसाआधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. साल्सेदोची भेग हवेत काढलेली नव्हती.

समकालीन कलेपुढे उभं राहिलं की मनात येतंच, यात काय, हे तर कोणीही करील. फरशीला तडा जाणं ही काय कला? माझं उत्तर असं, की भेगेनं लोकांचं चालणं बदललं. रोज हजारो माणसं मान वर करून जिथून जात, तिथे सहा महिने ती खाली बघून, पाय जपून चालली. काहींचे पाय अडकले, थोडं लागलंही. जो मागाहून आला, ज्याचे उच्चार वेगळे, तो या शहरात आयुष्यभर असाच जपून चालतो. त्याचं ते चालणं काही महिने सगळ्यांच्या वाट्याला आलं. चित्राच्या चौकटीतून हे साधलं नसतं.

याला आक्षेप आहे आणि तो खरा आहे. ही भेग संग्रहालयाच्या परवानगीनं पडली आणि एका बड्या कंपनीच्या प्रायोजकत्वातून उभी राहिली. ज्याच्याबद्दल ती होती, तो निर्वासित कदाचित त्या दारापर्यंत आलाही नसेल. तरी मला ती हवी होती. आपली फरशी फोडू देणारी आणि नंतर डाग लपवता येत नाही हे स्वीकारणारी संस्था मी क्वचित पाहिली आहे. आपल्याकडे डागडुजी करताना आधी रंग जुळवायला घेतात.

संध्याकाळी पुलावर उभं राहून आजीला फोन लावला. समोर सेंट पॉलचा घुमट होता, मागे वीजकेंद्राचं धुराडं.

‘‘मंग, काय पाह्यलं आज?’’

भुईला पडलेली भेग पाहिली, मी म्हटलं. मुद्दाम पाडलेली.

ती जरा वेळ बोलली नाही. आमची काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात अशी उलते की वासराचा पाय अडकतो. लहानपणी तिथून चालताना ती माझं मनगट घट्ट धरायची.

‘‘उन्हायात वावरात पडते तशी?’’

‘‘तशीच. आता बुजवली.’’

‘‘किती खोल व्हती?’’

‘‘आता वरून कळत नाही, आजी,’’ मी म्हटलं.