कोणाला मोजले?

इंटरनेट वापरणारी माणसे मोजायची कशी? 'ट्राय' जोडण्या मोजते. खिशात दोन सिम असलेला त्यात दोनदा धरला जाऊ शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने मात्र माणसांनाच विचारले, कधी इंटरनेट वापरले आहे का? गोव्यात ७३.७ टक्के स्त्रिया 'हो' म्हणाल्या, बिहारमध्ये २०.६ टक्के. नवऱ्याच्या फोनवर एकदाच काही पाहिलेली बाईही त्या 'हो'मध्ये आली. आजींना तर कोणी विचारलेच नाही, कारण वयाची मर्यादा ४९! आकडा खोटा नाही. पण त्याच्या भरवशावर 'अर्ज ऑनलाइनच करा' असे आजींना सांगणे न्यायाचे आहे का? धर्मग्रामाच्या सूचना आम्हीही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. त्या किती घरांत पोहोचत नाहीत, हे आम्ही अजून मोजलेले नाही.